कुत्र्याचा देव होत नाही तेव्हा

आपल्याकडे करुणेचा हिशेब मागण्याची एक रीत आहे. कुणी कुत्र्यामांजरांसाठी काही करताना दिसला की त्याला लगेच विचारले जाते, "माणसं मेली का सगळी?" हाच प्रश्न लग्नात लाखाचे फटाके उडवणाऱ्याला, दर दोन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला किंवा पाच दिवस क्रिकेटचा सामना पाहत बसणाऱ्याला विचारला जात नाही. म्हणजे पैसा आणि वेळ स्वतःवर उधळला तर तो ज्याचा त्याचा खाजगी मामला. आजारी जनावरावर खर्चला तर मात्र अवघ्या मानवजातीशी द्रोह. ही रीत असभ्य आहे हे तर खरेच. पण तेवढ्यावरून आम्ही लेखणी उचलली नसती. ती रीत खोटीही आहे, आणि तिच्यापायी एक अत्यंत गरजेचे काम हास्यास्पद ठरवले जाते, म्हणून हा प्रपंच.

ते काम असे. कुत्र्यांना संप्रेरकांचे काही विकार होतात, जे बरे होत नाहीत, फक्त सांभाळावे लागतात. मधुमेह हा त्यांतला एक, कुशिंगचा आजार हा दुसरा. असा कुत्रा स्वतःच्या घरात सांभाळलेली काही माणसे, आपला कुत्रा गेल्यानंतरही, या फेऱ्यात नव्याने सापडलेल्या अनोळखी कुटुंबांना मदत करत राहतात. एक पैसाही न घेता. अमेरिकेत गेल्या दोन-अडीच दशकांत या कामाला शिस्तीचे वळण लागले आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशी माणसे विखुरलेली आहेत. ओळखीतून ओळख निघते, कुणाचा तरी फोन नंबर कुणाकडे तरी पोचतो, एवढीच त्यांची संघटना. रात्री अकरा वाजता फोन येतो, "गोळी दिली आणि उलटी झाली, आता काय करू?" आणि पलीकडचा माणूस झोपेतून उठून विचारतो, "गोळी जेवणाबरोबर दिली होती का? आता उभा राहतोय का?"

या माणसांची दोन प्रकारे उपेक्षा होते. काही लोक त्यांना हसतात, काही लोक त्यांना 'देवमाणसे' म्हणून हात जोडतात. आमच्या मते दोन्ही प्रकार एकाच आळसाची रूपे आहेत. ही माणसे नेमके करतात काय, हे पाहण्याचे कष्ट दोन्ही पक्ष घेत नाहीत. तेव्हा आधी ते पाहू.

माणसांतल्या या विकाराचे वर्णन हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने १९१२ मध्ये केले, आणि १९३२ मध्ये त्याचा संबंध पीयूषिका ग्रंथीतल्या गाठीशी जोडला. कुत्र्यांत हा आजार माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. कुशिंग झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्क्यांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होते, ती अधिवृक्कांना सतत हुकूम सोडत राहते, आणि शरीरात कॉर्टिसॉलचा पूर येतो. उरलेल्यांमध्ये गाठ अधिवृक्कातच असते. याखेरीज एक प्रकार निव्वळ मानवनिर्मित आहे. खाजेवर म्हणून महिनोनमहिने दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही कुत्र्याची हीच अवस्था होते.

या आजाराचा कपटीपणा असा, की तो आजारासारखा दिसत नाही. कुत्रा भरपूर पाणी पितो, घरात लघवी करतो, पोट सुटते, अंगावरचे केस झडतात, कातडी पातळ होते, बसल्या जागी धापा टाकतो. आजार बहुधा उतारवयात होतो, त्यामुळे घरचे म्हणतात, "म्हातारा झाला हो आता." भूक तर राक्षसी लागते, म्हणून शेजारी म्हणतात, "खातोय की चांगला, त्याला काय झालंय?" घरात जागोजागी लघवी करणारा कुत्रा मार खातो, गॅलरीत बांधला जातो. काही घरांत तर त्याच्यापुढची पाण्याची वाटीच उचलून ठेवतात. म्हणजे ज्या जिवाचे शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, त्याला तहानेने मारायचे. यात क्रौर्य कमी आणि अज्ञान अधिक असते, पण कुत्र्याच्या घशाला त्या दोहोंतला फरक कळत नाही.

या ठिकाणी स्वयंसेवकाचा पहिला प्रश्न येतो. आम्हाला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्यात भावनेचा लवलेश नाही. तो विचारतो, "चोवीस तासांत पाणी किती पितो, ते मोजलंत का?" सकाळी मापाने पाणी भरा, दुसऱ्या सकाळी उरलेले मोजा. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी जात असेल तर ते अति समजतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने लिटरभराहून जास्त पाणी संपवले तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. एवढा एक आकडा हाती आला की ज्याला आपण खोड म्हणत होतो ते लक्षण होते, आणि मार खाणारा कुत्रा रुग्ण होतो. पशुवैद्याकडे जाताना "जरा जास्तच पाणी पितोय" असे मोघम सांगणारा माणूस आणि "तीन दिवस मोजलं, रोज दीड लिटर भरलं" असे सांगणारा माणूस यांच्या कुत्र्यांचे भवितव्य वेगळे असू शकते.

पुढची पायरी चाचण्यांची. इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो, कारण या आजाराची एकही चाचणी निर्विवाद नाही. एका चाचणीत आठ तासांत तीनदा रक्त काढतात; दुसरीत इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा रक्त पाहतात. कुत्र्याला दुसरा एखादा आजार असेल किंवा तो नुसता घाबरलेला असेल, तरी निकाल खोटाच 'कुशिंग आहे' असे सांगू शकतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या सहमतीपत्रात याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. चाचणी करण्याचे कारण म्हणजे कुत्र्यात दिसणारी लक्षणे. लक्षणे नसताना केवळ रक्ताच्या अहवालातला एखादा आकडा वाढला म्हणून या चाचण्यांच्या मागे लागू नये. अनुभवी स्वयंसेवक हेच आपल्या भाषेत सांगतो, "अहवालावर उपचार होत नसतात, कुत्र्यावर होतात. कुत्रा काय करतोय ते आधी सांगा."

मग औषध. ट्रायलोस्टेनला अमेरिकेत कुत्र्यांच्या कुशिंगसाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली, आणि आज मुख्यतः तेच वापरतात. ते आजार नाहीसा करत नाही. कॉर्टिसॉल तयार होण्याची वाट अडवते. ते जेवणाबरोबरच द्यावे लागते, नाहीतर अंगी नीट लागत नाही. ते सुरू केल्यावर १०-१४ दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी चाचणी करून मात्रा जुळवावी लागते, तीही गोळी दिल्यापासून ठरावीक तासांच्या आत. कॅप्सूल फोडून अर्धी करायची नाही. गरोदर बाईने, किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने, ती हाताळणे टाळायचे. "माणसं मेली का सगळी?" असे विचारणाऱ्यांनी या शेवटच्या सूचनेपाशी क्षणभर थांबावे. घरात कुत्र्याला औषध देण्याचे काम बहुधा कुणाकडे असते? अशा घरातल्या सुनेला ही गोष्ट फोनवरून बजावणारा माणूस माणसांची काळजी घेतो की कुत्र्याची?

मात्रा जास्त झाली तर उलटेच संकट उभे राहते. कॉर्टिसॉल इतके खाली जाते की कुत्रा ढेपाळतो, उलट्या-जुलाब होतात, उभे राहवत नाही, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर तो मरतो. याची पहिली खूण अनेकदा अशी, की कालपर्यंत ताट चाटूनपुसून खाणारा हा अधाशी प्राणी जेवणाकडे पाठ फिरवतो. साध्या कुत्र्याने एक वेळ खाल्ले नाही तर फारसे बिघडत नाही. या कुत्र्याने खाल्ले नाही तर ती धोक्याची घंटा असू शकते. जो पहिल्यांदाच या वाटेने चालला आहे त्याला हे कसे कळावे? तो बिचारा समजतो, आज पोट बिघडले असेल, गोळी तेवढी चुकायला नको. आणि गोळी देतो. अशा वेळी पलीकडून ठामपणे येणारे एकच वाक्य जीव वाचवते: "पुढची गोळी देऊ नका, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना गाठा." औषधाच्या सोबतच्या पत्रकात हेच लिहिलेले असते. पण बारीक अक्षरांतले इंग्रजी पत्रक आणि रात्री अकरा वाजता मराठीत बोलणारा माणूस यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात कुत्री मरतात.

स्टेरॉइडची गोष्ट याच्या अगदी उलट. ज्या कुत्र्याला दीर्घकाळ स्टेरॉइड देऊन हा आजार जडला, त्याचा मालक कारण कळताच घाबरून ती गोळी एका दिवसात बंद करतो. पण बाहेरून फुकट माल मिळत राहिल्याने त्या कुत्र्याच्या ग्रंथींनी काम सोडलेले असते. गोळी एकदम बंद झाली की तो कोसळू शकतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. म्हणजे एका घरात "गोळी थांबवा" हा सल्ला तारतो, तर दुसऱ्या घरात तोच मारतो. चांगला स्वयंसेवक म्हणूनच सल्ला द्यायच्या आधी ऐकून घेतो.

'शुश्रूषा' हा आपला शब्द इथे आठवतो. आज त्याचा अर्थ रुग्णसेवा. मूळ संस्कृतात मात्र त्याचा अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. ऐकण्याच्या इच्छेपासून सेवेपर्यंत हा शब्द कसा आला हे भाषाशास्त्रज्ञ सांगतील. आम्हाला एवढेच दिसते, की जुनाट आजारात या दोन अर्थांमध्ये अंतर उरत नाही. दवाखान्यात कुत्रा पंधरा मिनिटे असतो, तोही भीतीने थरथरत. उरलेला सगळा काळ तो घरात असतो. आजार घरातच चालतो, औषध घरातच दिले जाते, संकट घरातच येते. त्या काळात ऐकायला कुणी नेमलेले नाही. स्वयंसेवक उभे आहेत ते या मोकळ्या जागेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवसायाचा. "हे लोक कोण लागून गेले? यांच्याकडे पदवी आहे का?" आक्षेप पोकळ नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतरांना पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, आणि हे बंधन योग्यच आहे. ज्याने कुत्र्याला पाहिले नाही, तपासले नाही, त्याने मात्रा ठरवून देणे हा गुन्हा समजला पाहिजे. असे करणारे स्वयंसेवकही असतात, हे आम्ही लपवणार नाही. आपल्या एका कुत्र्याच्या अनुभवावरून जगातल्या सगळ्या कुत्र्यांचे निदान करणारे असतात; औषध सोडायला लावून कसले तरी काढे आणि चूर्णे गळ्यात मारणारे असतात. त्यांना आमचा पाठिंबा नाही. पण भोंदूंमुळे सगळीच परिचर्या बदनाम करायची ठरली, तर मग पदवीधरांतल्या भोंदूंचे काय करायचे, तेही सांगावे लागेल.

खरा प्रश्न पदवीचा नसून मर्यादेच्या जाणिवेचा आहे. उत्तम स्वयंसेवकाची ओळख तो काय सांगतो यापेक्षा तो काय सांगायचे नाकारतो यावरून पटते. तो मात्रा सांगत नाही. मात्रेबद्दल डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा ते सांगतो. तो निदान करत नाही. नोंदवही ठेवायला शिकवतो. आणि डॉक्टरांनी सांगितलेले नीट उलगडून सांगतो. हे उलगडणे किती गरजेचे आहे याचा एक दाखला मधुमेहाच्या बाजूने देतो. आपल्याकडे मधुमेही कुत्र्याला बहुधा माणसाचेच इन्सुलिन देतात. औषधाच्या दुकानात ते दोन ताकदींचे मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० एककांचे आणि १०० एककांचे. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. शंभराचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर कुत्र्याच्या अंगात दहाऐवजी पंचवीस एकके जातात. तेवढ्याने तो मरू शकतो. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा बरोबर होती, दुकानदाराने दिलेले इन्सुलिन बरोबर होते, सिरिंजही बरोबर होती. चुकली ती फक्त जोडी. "बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, ते मला वाचून दाखवा," असे म्हणणाऱ्या माणसाकडे पदवी मागायची, की त्याचे आभार मानायचे?

दुसरा आक्षेप पैशाचा. ही सगळी श्रीमंतांची थेरं, असे म्हणतात. कुशिंगच्या चाचण्या आणि औषधे महाग आहेत हे खरे. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्याच्याकडे अमाप पैसा आहे तो दहा डॉक्टर गाठेल. त्याला कुणा स्वयंसेवकाची गरज नाही. गरज आहे ती म्हाताऱ्या आईची औषधे, मुलीची फी आणि कुत्र्याची चाचणी एकाच पगारात बसवणाऱ्याला. कोणती चाचणी टाळून चालणार नाही, कोणती पुढे ढकलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, हे त्याला कळायला हवे. आणि उपचार परवडतच नसतील, तर तसे मोकळेपणाने बोलता येईल असा एक तरी माणूस त्याला भेटायला हवा. कुशिंग सहसा संथ गतीचा आजार आहे. कुत्र्याचे वय आणि लक्षणांची तीव्रता पाहून, डॉक्टरांशी बोलून, औषध न देता त्याला आरामात ठेवायचे ठरवणारी कुटुंबे असतात. वेदना असह्य झाल्यावर त्याला शांतपणे निरोप देणारी कुटुंबेही असतात. या निर्णयांना पळपुटेपणा म्हणणारा स्वयंसेवक आमच्या लेखी नापास. कुत्र्यावर प्रेम असणे म्हणजे त्याच्यासाठी कर्ज काढणे, असे समीकरण मांडणाऱ्यांनी किती घरांत अपराधाची भावना पेरली असेल, कुणास ठाऊक.

आता तो पहिला प्रश्न: "माणसं मेली का सगळी?" या प्रश्नाच्या तळाशी एक कल्पना आहे, की करुणा म्हणजे रांजणातले पाणी, कुत्र्याला एक तांब्या दिला की माणसाचा एक तांब्या कमी झाला. इतिहास या कल्पनेच्या बाजूने बोलत नाही. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग याने १८६६ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संस्था स्थापन केली. १८७४ मध्ये त्याच शहरात मेरी एलन नावाच्या लहान मुलीचा घरात अनन्वित छळ चालल्याचे एका समाजसेविकेला कळले. तिला मदत करायला कुणी पुढे येईना, तेव्हा ती या बर्गकडेच गेली. प्राण्यांसाठी झटणाऱ्या माणसांनी तो खटला न्यायालयात नेला, मुलगी सुटली, आणि त्यातूनच न्यूयॉर्कची बालसंरक्षण संस्था जन्माला आली. घोड्याकुत्र्यांच्या वेदना ऐकायची सवय लागलेल्या कानांना मुलीचे रडणेही ऐकू आले. आपल्याकडेही परळला आजारी जनावरांसाठी बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले ते १८८३ मध्ये. ज्या शहराने ते उभारले त्याने त्या पायी माणसांची रुग्णालये बांधायची थांबवली नाहीत.

शिवाय हिशेबच मांडायचा तर पुरता मांडू. संप्रेरकांविषयीच्या आपल्या ज्ञानाचा मोठा भाग कुत्र्यांच्या देहावर लिहिला गेला आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. मधुमेहाचे मूळ कुठे आहे ते त्यावरून कळले. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिला तो कुत्र्यांनाच. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले, तोवर त्या प्रयोगांत अनेक कुत्री मेली होती. कुशिंगची कथा तर याहून विलक्षण आहे. डी.डी.टी.च्या जवळच्या नात्यातले डी.डी.डी. हे रसायन कुत्र्यांना खाऊ घातले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी करपून जातात, असे १९४९ मध्ये दिसून आले. त्यातून निघालेले मायटोटेन हे औषध माणसाच्या अधिवृक्काच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले. कुत्र्यांच्या कुशिंगसाठी ते आले त्यानंतर. आधी कुत्रे मेले, मग माणसाला औषध मिळाले, आणि उरलेसुरले फिरून कुत्र्याकडे आले.

तेव्हा मधुमेही कुत्र्याला कुणी रोज दोनदा इन्सुलिन टोचत असेल, तर त्याला भूतदया म्हणू नये. शंभर वर्षांच्या थकलेल्या कर्जाचा तो एक किरकोळ हप्ता आहे. ज्या घरात माणसाच्या मधुमेहाची बाटली फ्रिजच्या दारात उभी आहे, त्या घराने तरी कुत्र्याच्या बाटलीला हसू नये.

हे हसणे आपल्यात इतके मुरले कसे, याचे उत्तर आम्हाला थोडेफार आपल्या कथापरंपरेत सापडते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार देतो, आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. नामदेवांची भाकरी कुत्रा पळवतो, नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, आणि तो विठ्ठल निघतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, त्यांना आपण वेद म्हणतो. या कथा थोर आहेत. पण त्यांनी एक वाईट सवय लावली: कुत्र्यावरची दया फळाला यायची तर कुत्रा शेवटी कुत्रा राहता कामा नये. तो देव निघाला तरच दया सार्थ, नाहीतर वाया गेली. युधिष्ठिराच्या कुत्र्याला कुणाला वर्षानुवर्षे गोळ्या द्याव्या लागल्या नाहीत. नामदेवांच्या कुत्र्याने घरात चार ठिकाणी लघवी केल्याचे कुठल्या कथेत नाही.

महाभारतातच एक दुसरी कुत्री आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आदिपर्वात, पौष्य पर्वाच्या आरंभी, जनमेजयाच्या यज्ञाजवळ त्याचे भाऊ एका पिल्लाला बडवतात. त्याची आई सरमा येऊन विचारते, की माझ्या मुलाने हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग त्याला का मारले? राजाच्या लोकांपाशी उत्तर नसते, आणि ती शाप देऊन जाते. इथे पिल्लू अखेरपर्यंत पिल्लूच राहते. मागितले जाते ते उत्तर. घरात लघवी केली म्हणून मार खाणाऱ्या कुशिंगच्या कुत्र्याचाही प्रश्न हाच आहे: याचा काय अपराध होता? तो विचारायला त्याच्याजवळ आई नसते. हे स्वयंसेवक असतात.

म्हणूनच त्यांना 'देवमाणूस' म्हणून मोकळे होण्यालाही आमचा विरोध आहे. कुत्र्याला देव केल्याशिवाय ज्यांना दया सुचत नाही, तेच स्वयंसेवकाला देव करून स्वतःची जबाबदारी झटकतात. देवाला रजा लागत नाही, त्याला झोप लागत नाही, त्याने पुन्हापुन्हा दुसऱ्याचा कुत्रा मरताना ऐकावा असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ही नोकऱ्या करणारी, संसार असलेली, थकणारी माणसे आहेत. जे काम त्यांच्या चांगुलपणावर सोडून दिले आहे त्यातले बरेचसे त्यांचे नव्हतेच. ते दवाखान्यांनी करायचे आहे. कुशिंगचे वा मधुमेहाचे निदान झालेल्या प्रत्येक कुत्र्याबरोबर एक छापील मराठी पान घरी जावे: औषध कशाबरोबर द्यायचे, कोणती लक्षणे दिसली तर द्यायचे नाही, घरात कुणी हात लावायचा नाही, सिरिंज कोणती, रात्री कुणाला फोन करायचा. त्यासाठी ना नवे संशोधन लागते, ना कुणाचे अनुदान. एक कागद लागतो, आणि रुग्णाच्या घरी काय चालते याविषयी थोडे कुतूहल.

तो कागद घरोघर पोचला तरी स्वयंसेवकांची गरज संपणार नाही, कारण कागद ऐकत नाही. पण निदान "गोळी देऊ की नको?" एवढ्यासाठी रात्री अकरा वाजता कुणाला झोपेतून उठवावे लागणार नाही. तोवर ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे. मात्र हसण्यापूर्वी आपल्या घरातल्या, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाटीतले पाणी एक दिवस मोजून पाहावे.